हॉबोकनची नामवंत माणसं आणि हव्वाबीचा एकच प्रश्न

नाही, पण माझी अपेक्षा चूक होती का, तुम्हीच सांगा. मला वाटलं होतं, मी उभी राहीन, एवढ्याशा गावातून केवढी मोठी माणसं निघाली ते सांगेन, ऐकणाऱ्या बायका पुढे सरकून बसतील, आणि एकेक आई उठून म्हणेल, शहनाझ, माझ्या मुलीला घे गो तुझ्या वर्गात. आणि झालं काय? हव्वाबीने पानाला चुना लावता लावता, माझ्याकडे न बघता विचारलं, "ते सगळं ठीक आहे. पण तिने बोलावून घेतलं किती जणांना?"

खलास. माझं अख्खं शिक्षण, त्या एका प्रश्नाखाली, चुन्याच्या डबीसकट झाकण लावून बंद.

थांबा, मधूनच सुरू केलं मी. माझं असंच होतं, चिडले की शेवटापासून सांगायला लागते. तर तुम्हाला सांगते, मी शहनाझ, बर दुबईच्या कापडबाजारातल्या मोहिद्दीन परकारांची मुलगी. पंधराव्या वर्षी माझ्या मामूने, खैरुद्दीनमामूने, मला अमेरिकेत बोलावून घेतलं. मामू मूळचे बोटीवरचे भंडारी, म्हणजे स्वयंपाकी. एकदा बोट हॉबोकनच्या धक्क्याला लागली, मामू कांदे आणायला उतरले, ते परत चढलेच नाहीत. बोट कांद्याविना गेली. मामूंनी धक्क्याशेजारी खानावळ काढली, मला शाळेत घातलं, पुढे शिक्षिकेचं शिकवलं. आता हॉबोकन म्हणजे काय, तर एवढंसं गाव हो, एक चौरस मैल! त्यात पन्नासेक हजार माणसं, खिडकीतून हात बाहेर काढला तर शेजारणीच्या वाळत घातलेल्या चादरीला लागणार. समोर नदी, नदीपलीकडे न्यूयॉर्क, आणि मधे बोटी चालू, इकडून तिकडे, तिकडून इकडे. मी पहिल्या दिवशी धक्क्यावर उभी राहिले आणि म्हटलं, ही तर आपली खाडी! हे बर दुबई, पलीकडे ते देरा, आणि ह्या खाडी ओलांडायच्या अब्रा होड्या, फक्त जरा लठ्ठ.

आणि त्याच दिवशी मी ठरवलं. ह्या मैलभर गावातून जगाने नाव घ्यावं अशी माणसं निघतात, तर आमच्या खाडीकाठच्या गल्लीतून का निघू नयेत? शिकायचं, आणि परत जायचं. परत गेले. सात वर्षांनी विमानाने उतरले. मी निघाले तेव्हा इथे कंदील होते, आले तर छताला पंखे, खाडीवर पूल, समुद्रात म्हणे तेल सापडलेलं. सगळं बदललं. मुली तेवढ्या तशाच. दहा वर्षांची झाली की घरात, सोळाची झाली की बोटीत, कोकणात हर्णैला नाहीतर दाभोळला उतरवून सरळ निकाह.

मी अब्बांना म्हटलं, दुकानावरची खोली द्या, मुलींचा वर्ग काढते. अब्बा काही वाईट नाहीत, पण व्यापारी आहेत. म्हणाले, "बेटा, शनिवारी बोटीने मलमलीच्या गाठी उतरतायत. त्याआधी हव्वाबी हो म्हणाली, तर खोली तुझी. नाही म्हणाली, तर मलमलीची."

हव्वाबी कोण म्हणून विचारू नका... नाही, विचारा, तुम्हाला कसं कळणार. हव्वाबी आमच्या कोकणी जमातीची सुईण. इथल्या बिऱ्हाडांतलं प्रत्येक मूल तिच्या हातावर जन्मलेलं, त्यामुळे कुणाच्याही बापाला ती म्हणू शकते, "तुला मी नागडा बघितलाय, मला शिकवू नकोस." ती हो म्हणाली की जमात हो म्हणते. आणि तिची नात रुकय्या, तेरा वर्षांची, आजीबरोबर आमच्या दुकानात येऊन गाठींवरचं इंग्रजी अक्षर अक्षर लावून वाचते. 'मेड' वाचते, 'इन' वाचते, आणि 'मँचेस्टर'ला अडकते. मी तिचं ते अडकणं बघितलं आणि ठरवलं, बास. वर्ग निघालाच पाहिजे.

तर शुक्रवारी असरच्या नमाजानंतर हव्वाबीच्या घरी मौलूद होतं, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीचं पठण, बायका बायकांचं. हव्वाबीने मला वेळ दिली. "जेवणाआधी बोल गो. जेवणानंतर आमच्यात कुणी मेल्याशिवाय कुणी काही ऐकत नाही." वर पंखा, समोर बायका, मागे चुलीवर सांदणं वाफेला लावलेली, त्या गुळाच्या वासात मी उभी राहिले आणि सुरू केलं. बायांनो, म्हटलं, एवढंसं गाव, एक चौरस मैल!

पहिली गोष्ट मी सांगितली एका फोटोग्राफर बाईची. मुद्दाम बाईची. लहानपणी तापात पाय अधू झालेला, आई नदीपलीकडे नोकरीला, म्हणून ही लंगडत लंगडत रोज बोटीने पलीकडच्या शाळेत जायची. बायका हळहळल्या. मला धीर आला. मी म्हटलं, पुढे हीच मुलगी देशभर हिंडली, दुष्काळाने घरदार सुटलेल्या गरिबांचे फोटो काढले, आणि ते बघून सरकारला लाज वाटली.

झुबेदा, आमची शेजारीण, डोळे पुसत म्हणाली, "आणि लग्न? त्या पायाने लग्न जमलं का बिचारीचं?"

मी म्हटलं, जमलं. आता इथे थांबायचं की नाही? पण आमच्या हॉबोकनच्या शिक्षिकेने शिकवलंय, अर्धं सत्य बोलू नये. मी म्हटलं, दोनदा जमलं.

झुबेदाचा पदर डोळ्यांवरच थांबला. आणि वर हव्वाबीचा तो प्रश्न. "पण तिने बोलावून घेतलं किती जणांना?"

मला कळेचना. कुणाला बोलावून? कुठे? तर सगळ्या बायका माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जशी मी नमाजची दिशा विचारली. तेव्हा आठवलं. तुम्हाला सांगते, आमच्या लोकांत मोठेपणाचं माप एकच. एक माणूस गावातून निघतो, कुठे तरी चिकटतो, मग भावाला बोलावतो, मेव्हण्याला बोलावतो, शेजाऱ्याच्या पोराला बोलावतो. आमच्यातल्या अलीमियाँला साधी सही येत नाही, पण अर्धा मोहल्ला त्याच्या शब्दावर दुबईत उतरला, म्हणून अलीमियाँ आला की सगळे उठून उभे राहतात. ज्याने बोलावलं तो मोठा. ज्याने नाही बोलावलं, तो नुसता गेलेला.

मी म्हटलं, बाईने कुणालाच बोलावलं नाही, ती स्वतःच कॅलिफोर्नियाला जाऊन राहिली.

"अरेरे," हव्वाबी म्हणाली, आणि पान तोंडात टाकलं. म्हणजे बाई बाद.

मग मी गायक काढला. म्हटलं, परदेशातून आलेल्या गरीब माणसांचा मुलगा, बाप आगीच्या बंबावर, आई सुईण. हव्वाबी एकदम ताठ बसली. "सुईण? बघा गो, सुईणीचा मुलगा. पुढे सांग." मी फुलले. म्हटलं, आज जगात रेडिओ असेल तिथे त्याचा आवाज आहे. "माशाल्ला. आणि आईच्या गावाला येतो का?" मी म्हटलं, फारसा येत नाही, त्यावरून गाववाल्यांची कुरकुर असते. हव्वाबीने भिंतीला टेकून घेतलं. "सुईणींच्या नशिबी हेच." तोही बाद. आणि वर दोन बायका माझ्याकडे अशा बघतायत, जसं मीच त्याला अडवून ठेवलंय.

तिसरा मी काढायला नको होता. पण माणूस बुडायला लागला की हाताला येईल ते धरतो. म्हटलं, एक फार मोठा शास्त्रज्ञ. झुबेदा म्हणाली, "कशाचा?" मी म्हटलं, गांधीलमाश्यांचा. हे खरं आहे हो, वर्षानुवर्षं गोळा केल्या त्याने. "आणि मग?" मग... मग माणसांच्या सवयींचा अभ्यास केला. "कसल्या सवयींचा?" आता मी काय सांगणार? मौलूद आत्ताच संपलेलं, समोर उदबत्ती, बाजूला माझ्या अब्बांची थोरली बहीण. मी म्हटलं, साधारण सवयींचा. "म्हणजे खाण्यापिण्याच्या?" हो, म्हटलं, खाण्यापिण्याच्या. गेली माझी शिक्षिका, गेलं तिचं पूर्ण सत्य. हव्वाबी माझ्याकडे बघत राहिली. चाळीस वर्षं बायकांच्या पोटातलं ओळखणारी बाई ती, तिला माझ्या पोटातलं कळलं असणारच, पण तिने ते तिथेच सोडलं.

फक्त म्हणाली, "म्हणजे गो, मला समजलं ते असं. गाव एवढंसं. त्यातून जो निघाला तो मोठा झाला. जो मोठा झाला तो परत आला नाही. बरोबर?"

मी म्हटलं, नाही, म्हणजे हो, म्हणजे माझा मुद्दा तो नाही...

"आणि तू परत आलीस."

आता बोला! अख्खं भाषण माझं, आणि त्याचा निष्कर्ष काय, तर मी तेवढी फुकट गेले. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आणि रडवेला झाला की माणूस शुद्ध मराठीतून घरच्या बोलण्यावर येतो, तशी मी म्हटलं, मी काय स्वतःहून गेले होते? मला खैरुद्दीनमामूने बोलावलं म्हणून गेले.

आणि तुम्हाला सांगते, खोलीत वीज आल्यासारखं झालं. "खैरुद्दीन? कांदेवाला खैरुद्दीन? अगो, आमचा दीर तीन महिने त्याच्याकडे जेवला." "माझा भाऊ बोटीवरून पळाला, तो त्याच्याच खानावळीत जमिनीवर झोपायचा." "पैसे घेत नाही म्हणे पहिल्या महिन्याचे." हव्वाबीने दोन्ही हात वर केले. "मग हे आधी सांगायचं ना पोरी! ह्याला म्हणतात मोठा माणूस. उगीच त्या माशीवाल्याच्या मागे लागलीस." आणि सर्वांनी मिळून ठरवलं, हॉबोकन गावात नामवंत असा एकच, आमचा मामू. एवढंसं गाव, एक चौरस मैल, आणि त्यात जमातीला एकच माणूस दिसला, तोही कढईमागे!

मग हव्वाबी माझ्याकडे वळली. आवाज एकदम मऊ. "तुला मामूने बोलावलं, शिकवलं. आता तू पोरींना शिकव. आणि शिकल्या की एकेकीला तिकडे बोलावून घे. घेशील ना?"

झुबेदा मागून कानात, "इन्शाल्ला म्हण गो. म्हणायला काय जातं?"

काय जातं! एक शब्द. सगळी खोली तो शब्द ऐकायला थांबलेली. रुकय्या दारात सांदणांचं ताट घेऊन उभी. आणि मी काय केलं? मी तत्त्वाला जागले. म्हटलं, खाला, जे माझ्याच्याने होणार नाही त्याचं वचन मी देणार नाही. मी तिकडे परत जाणार नाही आणि कुणाला बोलावूही शकणार नाही. मी इथे राहून इथेच शिकवणार.

हव्वाबीने पानाचा डबा बंद केला. मग म्हणाली, "यल्ला, जेवायला वाढा." झालं. सगळ्या जेवल्या. मीही जेवले. इतकी मऊ सांदणं मी सात वर्षांत खाल्ली नव्हती, आणि एकही गोड लागलं नाही.

सकाळी उठते तर जिन्याखाली हमाल. पाठीवर मलमलीची गाठ, वर मँचेस्टर लिहिलेलं. अब्बा घाम पुसत म्हणतायत, "काय ठरलं बेटा? माणसं खोळंबलीत." मी वरच्या खोलीकडे बघितलं. फळा लावलेला, चटया अंथरलेल्या. एकीकडे माझं सत्य, दुसरीकडे मलमल, आणि अख्ख्या खोलीत जागा एकाचीच. मी म्हटलं, अब्बा, जरा थांबा. पायात चपला अडकवल्या, हव्वाबीचं दार गाठलं, आणि उंबऱ्यातूनच म्हटलं, "खाला, इन्शाल्ला."

ती ओटा झाडत होती. झाडू थांबवला नाही. म्हणाली, "कालच म्हणाली असतीस तर माझा नाश्ता वेळेवर झाला असता."

मी म्हटलं, पण खाला, मी खरंच कुणाला बोलावू शकणार नाही.

"ते मला कळत नाही? आता अख्खी अमेरिका काय तुझ्या मामूची खानावळ आहे, कुणालाही बोलावून घ्यायला? पण रुकय्याच्या बापाला मी काय सांगू? शिकून शहाणी होईल म्हणून? तो म्हणेल, शहाणी बायको कोण करणार. अमेरिकेला जाईल म्हटलं, की स्वतः पाटी आणून देईल."

"आणि नाही गेली तर?"

"तोवर शिकलेली असेल ना. मग बापाला तीच समजावील."

आता सांगा, हिच्यापुढे मी तासभर मोठ्या माणसांवर बोलले.

परत आले तर बातमी माझ्याआधीच पोचलेली, हमाल गाठी उतरवून दुकानातच रचत होते, आणि जिन्यावर रुकय्या बसलेली, मागे आणखी चारपाच जणी, त्यांच्या मागे झुबेदा, आणि झुबेदाचा हात धरून तिचा रफिक, चोवीस वर्षांचा बाप्या. मी म्हटलं, वर्ग मुलींचा आहे. झुबेदा म्हणाली, "शिकायला नाही गो. तिकडे थंडी फार ना, कोट कसला शिवू ते विचारायला आणलाय."

मी म्हटलं, जाड कापडाचा शिव.

काय करणार? एवढंसं गाव हो, एक चौरस मैल... आणि आता अख्ख्या बर दुबईत त्या गावची दोनच नामवंत माणसं. एक मामू, आणि दुसरी मी, जिने अजून कुणालाच बोलावलेलं नाही.