तात्यांनी सोडलेला उजेड

माझ्या रीळवाल्या कॅमेऱ्याला तुम्ही कितीही हसा, आमच्या तात्यांइतकं कोणी हसलं नव्हतं. तात्या म्हणजे श्रीगोंद्याचे माझे चुलते. तरी फोटोला मात्र फेटा बांधून उसाच्या कडेला ताठ उभे राहिले. मी बटण दाबलं, तोच म्हणाले, “दाव.”

“तात्या, यात लगेच दिसत नाही. रीळ धुवावं लागतं.”

“दिसत कसं न्हाई?” म्हणत त्यांनी कॅमेरा घेतला आणि मागचं झाकण उघडलंच! रिळावर ऊन पडलं, म्हणजे फोटो जळालाच! मी रडायचीच बाकी राहिले होते.

धुतल्यावर फोटो आला, पण तात्यांच्या निम्म्या अंगावर केशरी झळाळ! आता तो बैठकीत टांगलाय. परवा पाहुण्यांनी विचारलं, “हे कुठल्या ॲपनं केलं?”

तात्या छाती काढून म्हणाले, “ॲप न्हाई. फोटो आमच्या पुतनीनं काढलाय, अन् उजेड मी सोडलाय!”