तीन पाय अक्रोडाचे, एक सागाचा

आमचं गाव सावनेरच्या पल्याड. बाप कोळशाच्या खानीत जाये, माय लोकायच्या वावरात कापूस वेचाले जाये, आनं मी, काय सांगू ताई तुम्हाले, मी दुसरीपर्यंत शाळेत गेली. दुसरीपर्यंत म्हनजे दुसरी पास नाही, दुसरीच्या दिवाळीपर्यंत. मंग माह्या पाठचा भाऊ झाला, त्याले सांभाळाले कोन, तं मी. पाटी होती माही, ती मायनं चुलीपाशी नेली आनं तिच्यावर मिरच्या वाळू घाले. मले राग ये त्याचा, आतापन येते. वस्तू कशासाठी हाये ते मानसाले समजलं पाह्यजे. तुम्ही म्हनसान बुढी आलमारीचं सांगता सांगता मिरचीवर गेली, पन मी आलमारीचंच सांगून राहिली, ते पाटीचं ध्यानात ठेवा.

लगन होऊन नागपुरात आली. माह्या पोरीचे, सुरेखाचे बाबा लाकडाच्या टालावर कामाले, सागवानाचे लठ्ठे मोजाचे, फाडाचे, आनं मानूस असा का लाकडाले नुसता हात लावून सांगे हे चांद्याकडचं, हे बालाघाटचं. लय गरब होता त्याले त्याचा. पुढच्याच साली आम्ही सगळ्यायनं दीक्षा घेतली, घरातले जुने देव सासूनं सोताच्या हातानं नेऊन पान्यात सोडले, आनं भितीतला देवाचा कोनाडा रिकामा झाला. सासू म्हने रिकामा कोनाडा बरा नाही दिसत वं. मी म्हनलं भरतो ना, इथं पुस्तकं ठेवू. ती म्हने कोनाची पुस्तकं, घरात अक्षर कोनाले येते? तवा सुरेखा पोटात होती. मी म्हनलं येईन कोनाले तरी.

मंग मी धरमपेठेत एका बाईकडे कामाले लागली. बाई कॉलेजात शिकवे, सायेब सरकारी नोकरीत, उत्तरेकडून बदली होऊन आलेले. त्यायच्या बैठकीत एक आलमारी होती. ताई, तशी आलमारी मी नव्हती पायली कुठं. आपल्याइकडच्या आलमाऱ्या कशा, जाडजूड, नक्षी, वर मोर नाही तं कळस. हे तसलं काही नाही. साधी, लांबट, काळपट-भुरी, दोन सरकते काच, आनं खाली चार बारके पाय बाहेर फाकलेले, नुकतं उभं राहिलेलं वासरू उभं राहते तसे. बाई म्हनत गिरजा, हे अक्रोडाचं लाकूड आहे, ओलं फडकं लावू नको. मी म्हनलं बाई, अक्रोड तं खातात ना जी. लय हासल्या बाई. अकरा वर्षं पुसली मी ती आलमारी कोरड्या फडक्यानं, कोनतं पुस्तक कुठं राहते मले रंगावरून पाठ. एक डाव घाईत गरम चहाची गंजी, पातेलं म्हना, वर ठेवली तं गोल डाग पडला. त्या दिवशी बाई बोलल्या मले. तो डाग काही गेला नाही, मी रोज त्याच्यावरून फडकं फिरवो आनं रोज मले वाईट वाटे.

आता सुरेखाचं ऐका. पोट्टी हुशार निघाली. मॅट्रिक झाली, कॉलेजात गेली, पन पुस्तकं कुठून आनावं, तं पोट्टी कॉलेजातून आठ दिवसासाठी पुस्तक आने आनं अख्खं पुस्तक वहीत उतरून काढे. अख्खं! कोनाड्यात किती वह्या मावतीन, मंग टिनाच्या पेटीत ठेवल्या. पेटी कोपऱ्यात, सारवलेल्या जमिनीवर. बुडाले भोक होतं एवढंसं, आमच्या लक्षातच नाही. परीक्षेच्या पंधरा दिवस आधी पेटी उघडली तं उधई लागलेली, तुम्ही वाळवी म्हनता तीच. वहीचा पुठ्ठा हातात आला आनं मधात माती. पोट्टी रडली नाही, तेच मले जास्त लागलं. नुसती बसून राहिली त्या मातीपाशी. त्या सालची परीक्षा बुडाली. सुरेखाचे बाबा म्हनाले झालं, आता काटोलचं स्थळ आलं हाये, संत्र्याचा बगिचा हाये त्यायचा, देऊन टाकू. मी म्हनलं दुसऱ्यांदा बसन पोट्टी परीक्षेले. ते म्हने आनं वह्या? मी म्हनलं वह्या पोट्टी लिहीन, ठेवाची जागा मी करतो.

आनं तवाच नेमकं बाईचं नागपूर सुटलं. सायेबाची बदली. मी चार दिवस सुटीवर, ननंदेच्या घरी लगन, परत आली तं बैठक रिकामी. बाई म्हनाल्या गिरजा, सामान विकलं गं सगळं. मी म्हनलं आलमारी? म्हने तीही. माह्या तोंडून निघालंच नाही का बाई मले पाह्यजे होती. अकरा वर्षं माह्या मनात होतं आनं अकरा वर्षं मी बोलली नाही, मोलकरनीनं आलमारी मागाव काय म्हनून. नुसतं विचारलं कोनाले दिली. त्याइले नाव नव्हतं मालूम, म्हने कोनी जुन्या सामानवाला, हातठेला घेऊन आला होता.

बस्स. मी ठरवलं का हेच आलमारी आनाची. दर इतवारी निघो. मोमिनपुरा, इतवारीचा बाजार, टेशनाकडची जुन्या सामानाची दुकानं, पायी पायी. दुकानदार विचारत काय पाह्यजे, मी म्हनो पुस्तकाची आलमारी, बारक्या पायाची. ते लोखंडाची दाखवत. मजबूत हाये, घ्या. मी म्हनो नाही, लोखंडाच्या पोटात काय हाये ते बाहेरून दिसत नाही, मले काचाची पाह्यजे, पोरीच्या नजरेसमोर पुस्तक राह्यलं पाह्यजे, आनं पोरीच्या बापाच्यापन. सागवानाच्या, शिसमाच्या दाखवल्या, एक तं अशी सुंदर होती का जीव जाये. पन माहं एकच. सहा इतवार गेले. सासू म्हने येडी झाली हे, आलमारीसाठी चपला झिजवून राहिली.

सातव्या इतवारी एका चाचाच्या दुकानात मागच्या अंगाले पलंगाच्या फळ्या उभ्या होत्या, त्याच्यामागं चार पाय दिसले. मी फळ्या सरकवल्या, वरची धूळ पदरानं पुसली, तं तो डाग. गोल. माह्या गंजीचा! मी त्याच्यावर हात ठेवला आनं ताई, मले रडूच आलं, ज्या डागापायी मी बोलनं खाल्लं त्याच डागानं मले आलमारी दाखवली. चाचा म्हनाले, क्या हुआ अम्मा, दाग है इसलिए कोई लेता नहीं, और पैर भी कमजोर दिखते हैं. मी म्हनलं दाग मेरा ही है. पैशाचं सांगत बसत नाही, पैसे जमवले मी, कसे ते माहं मले ठाऊक. त्याच दिवशी हातठेल्यावर घरी.

आता खरी गोष्ट इथं हाये. दुसऱ्या दिवशी मी कामाले गेली, नवं काम धरलं होतं प्रताप नगरात. सांजच्याले आली तं आलमारी बुटकी. पाय नाहीत! सुरेखाच्या बाबानं करवत घेतली आनं चारी पाय कापून आलमारी जमिनीवर भितीले टेकून बसवली. म्हने असे काडीसारखे पाय, एवढ्या वह्याचं वजन कसं झेलतीन, कोनाच्या पायात अडकलं तं काच फुटन. मी म्हनलं आवो, बाईच्या घरी अकरा वर्षं उभी होती ना! मी म्हनलं उधई लागन. तं हासले. म्हने हे जुनं सागवान हाये, काळं पडलेलं, सागाले कधी उधई लागते काय. मी म्हनलं बाई अक्रोड म्हनत. ते म्हने अक्रोडाची काय आलमारी होते, तुहे बाई तुले फसवून राहिली होती. आता तुम्हीच सांगा, ज्या मानसानं जिंदगीभर साग फाडला त्याच्यासमोर मी काय बोलाव? आमच्या नागपुरात लाकूड म्हनजे साग. घराघरात सागाच्या आलमाऱ्या अशाच जमिनीवर बसलेल्या हायेत, काही होत नाही त्याइले. मी चूप बसली. ते माही चूक.

कापलेले पाय तिथंच पडून. एक शेजारच्या कौसल्यानं बकरी बांधाच्या खुट्याले नेला. एक सासूनं उचलला, हातात बसते म्हने, कपडे कुटाची मोगरी केली. दोन वर माचोलीवर, माळ्यावर, फेकले.

सुरेखानं पुन्हा सगळ्या वह्या उतरून काढल्या. वर्षभर. बोटाले घट्टा पडला होता तिच्या. भादव्याच्या महिन्यात तिनं खालच्या कप्प्यातली वही ओढली तं वहीसंग माती आली. मी चुलीपाशी होती, मले आवाजावरूनच समजलं, कारन आवाजच नव्हता. पोट्टी पुन्हा तशीच बसली होती. मी धावत जाऊन काच सरकवले, वरच्या दोन कप्प्याले हात लावून पायलं, वाचले होते. खालचा गेला होता. सुरेखाचे बाबा आले, त्यायनं नख लावलं लाकडाले, नख आत गेलं. मंग उठून कौसल्याच्या अंगनात गेले आनं बकरीचा खुटा उपटून पायला. जमिनीत गाडलेलं टोक पोकळ. ते तिथंच उकिडवे बसले आनं म्हनाले, साग नोहे हे. एवढंच. बकरी त्यायचं धोतर चावून राहिली होती, त्याइले भान नाही.

सासू म्हने चुलीत घाला आता ते, पुस्तकं आपल्या नशिबात नाही. तवा मात्र मी बोलली. एवढ्या मोठ्यानं मी त्या घरात कधी बोलली नव्हती. मी म्हनलं नशिबाचं मले कोनी सांगू नका, पाय तुम्ही कापले, नशिबानं नाही कापले. आलमारी त्याच पायावर उभी राहीन. चारी पाय मले आनून द्या.

माचोलीवरचे दोन भेटले. खुट्याचं खराब टोक छाटलं, मंग बाकीचेपन तेवढेच छाटावे लागले. राहिली मोगरी. सासू काही देईना. म्हने माह्या कामाची वस्तू हाये, मी नाही देत. मी हात जोडले, भांडली, दोन दिवस बोलली नाही. बुढी मोगरी उशाखाली घेऊन झोपे. शेवटी सुरेखाचे बाबा टालावर गेले, चांगल्यातला चांगला सागाचा तुकडा निवडला, सोता रंधून चौथा पाय केला. रंग वेगळा, जरा जाडच झाला, सागवाल्याचा हात तो. खालचा कप्पा सागाचा टाकला. चारी पायाखाली चार वाट्या ठेवल्या आनं त्याच्यात राकेल ओतलं, का उधई चढूच नये. आलमारी भितीपासून चार बोटं पुढं ओढली. तवापासून इतवारी त्या वाट्या तेच भरतात, मले हात लावू देत नाहीत.

गेलेल्या वह्या सुरेखानं तिसऱ्यांदा उतरल्या. मीपन बसो तिच्याजवळ, मले काय येते, मी रेघा मारून देओ. काटोलचे लोक थांबले नाहीत, त्यायनं दुसरी पोरगी केली. बरंच झालं. सुरेखा पास झाली, पुढचं मास्तरकीचं शिकली, आनं काटोललेच गेली शेवटी, पन नवरी म्हनून नाही, शाळेतली मास्तरीन म्हनून. आता शनिवारच्या बसनं येते, थैलीत संत्री आनं एखादं पुस्तक, इकत घेतलेलं. वह्या वरच्या कप्प्यात हायेत अजून, पाहा ना, शाई फिकी झाली.

तिचा नोकरीचा कागद आला त्या दिवशी सासू मोगरी घेऊन आली. कपडे कुटून कुटून पांढरी पडलेली. आलमारीपुढं ठेवली आनं म्हने हे घे वं, लाव आता. मी म्हनलं माय, आता काहून, चौथा पाय लागला. बुढीचं तोंड एवढंसं झालं. मले त्या घडीले तिची लय माया आली. तिनंपन कधी पाटी हातात धरली नव्हती, माह्या हातून तं मिरच्यायनं तरी नेली. मी काच सरकवले, तिच्याच हातानं मोगरी खालच्या कप्प्यात ठेवाले लावली. म्हनलं राहू दे इथं, पाय आलमारीचाच हाये. बुढी वारली, मोगरी हाये तिथंच, पुस्तकाच्या बाजूले, कोनी आलं का विचारते हे काय.

आता माहं काही मागनं नाही. गुडघे दुखतात, पन फडकं मी अजून सोताच मारतो, कोरडं. सगळ्याइच्या लेकीबाळी शिकोत, कोनाच्या वहीले उधई न लागो. आनं हे तुम्ही लिहून राहिल्या ना ताई, ते छापून आलं का एक पुस्तक मले आनून द्या. मले वाचता येत नाही, सुरेखा वाचून दाखवन शनिवारी. वरच्या कप्प्यात, त्या गोल डागाच्या बरोबर खाली, एका पुस्तकाची जागा मी करून ठेवली हाये.