वाघ लिहा, वकीलबाई

— वाघ लिहा म्हणतो ना मी, वकीलबाई! कोर्टाच्या कागदाले काय कळते, पाय वाघानं मोडला का पिकअपनं? मोडला तर खरा ना? — बरं, पिकअप लिहा. पिकअपच होता, टमाट्याचे कॅरेट भरलेला, न पाहता मागं-मागं येत होता, अन् त्याच्या मागं मी. वाघ असता तर पाहून तरी आला असता. — हो, हो, सहा महिन्यांत दावा टाकाचा होता, तीनदा सांगतलं तुमी. झाले चौदा. म्हणूनच तर आलो, जजसाहेबाले म्हणाले का साहेब, उशीर माफ करा. पायातली सळी सरकली, डॉक्टर म्हणते पुन्हा कापा लागते, नाई तर शंकरसिंग, वावर विसरा. नाई तर मी कोर्टाच्या पायऱ्या कायले चढतो?

उशीर काहून झाला त्याचं कारण पाहिजे म्हणता. अन् खरं पाहिजे! — आहे ना खरं, पण ते वापरात नाई. लिहा, अर्जदार अडाणी आहे. — चौथी पास अडाणी नसते? मंग लिहा, खाटेवर पडून होता. — होळीत एका पायावर नाचलो त्याचा व्हिडिओ? तुमाले कोणं दाखवला? — हा, मीच दाखवला मघाशी.

आता ऐका, अन् हे लिहू नका. दर बुधवारी मी जमनाबाईले, म्हणजे आमच्या घरच्या मंडळीले, सांगत होतो का रानात झाडपाला आणाले चाललो — अन् एस्टीत बसून जात होतो आर्णीले, अंजूकडं. अंजू माही पोरगी. तिनं रवीसंग परजातीत लग्न केलं, तवापासून जमनाबाईनं तिचं नावच बंद केलं. कोणी काढलं तर जेवत्या ताटावरून उठते. तर नात झाली तेव्हापासून माहा बुधवार आर्णीत — पोरीचा घोडा होवाचं, चहा प्याचा, येताना चार काड्या बगलेत माराच्या अन् घर. अन् अंजूच्या दारातच पिकअपनं धरलं! आता घरी काय सांगू? रानात पिकअप येते का? म्हणून वाघ. जमनाबाई दवाखान्यात पोचाच्या आत अंजूले मी मागच्या दारानं पिटाळली. रडत होती. — ते जाऊ द्या.

पण वाघ असा चालला, बाई! चार तांड्यांचे लोक पाहाले आले, आमच्या तांड्याचा मुखिया धावजी नाईक, त्यानं तीनदा ऐकला, दर खेपेले वाघ हातभर वाढे. जंगलखात्यानं झाडाले कॅमेरा बांधला. त्यात दोन रानडुकरं अन् लोटा घेतलेला आमच्या तांड्यावरचा फकिरा. अन् जमनाबाई खाटेपाशी बसून विचारे, "अन् त्याचे डोळे कसे होते, तेही सांगा ना." भोळी आहे बिचारी.

आता पिकअप लिहिला म्हणजे आर्णी आली, आर्णी आली म्हणजे अंजू आली. ठाण्यात कागद तिनंच केला, साक्षीले तीच उभी राहीन. तांड्यावर नोटीस येईन, कोणी ना कोणी मोठ्यानं वाचीन. गेला ना मंग माहा बुधवार! — पायाचं काय? पाय अजून एक आहे. नात एकच आहे. — हेही नका लिहू.

दवाखान्याचा कागद? देतो ना. थैली सकाळी जमनाबाईनंच भरली. मी सांगतलं, वाघाची भरपाई मागाले यवतमाळले चाललो. "बरं," म्हणे. — ही भाकर… ही चटणी… हा घ्या कागद… अन् हे काय व्हय? — नाई, माहं नाई. घागरा आहे. एवढासा. आरसे लावलेला — टाका तर जमनाबाईचाच, मी पन्नास वर्षं पाहून राह्यलो. पण आमच्या घरात एवढी पोर कुठं — तीन वर्षांच्या पोरीचा आहे, बाई. मापात आहे. माप कुठून आणलं तिनं?

म्हणजे चौदा महिने ती बाई मले वाघाचे डोळे विचारत होती.

…

लिहा. पिकअप. आर्णी. साक्षीदार अंजू. उशिराचं कारण — अर्जदाराले वाटलं, घरी कोणाले मालूम नाई. — सही उद्या करतो. सरका, काठी द्या ती. आर्णीची एस्टी सुटते. आज बुधवार आहे.