पाराश्चिवाच्या दारचं पाणी

—नाही हो भाऊ, विकायला-बिकायला काही नाही, पाणीच आहे बादलीत. वरचं फडकं काढून बघा हवं तर. फाटकाचा दांडा वर करा, एवढंच म्हणते मी. आतून गेले की मागच्या छोट्या दारातून निघेन, कुणाच्या फुलाला हात नाही लावणार. काय म्हणता, इथल्या रहिवाशांनाच? अहो, तुमच्या या वसाहतीच्या जागी मक्याचं शेत होतं तेव्हापासूनची रहिवासी मी!

चाळीस दिवस शेजारघरी पाणी पोचवायचं, पायी, म्हणजे गेलेल्या माणसाची तहान भागते — तुमच्या आईनंही केलं असेलच की. आमच्या ह्यांच्यासाठी, ग्रिगोरेंसाठी, हा सत्ताविसावा दिवस. एकही चुकवला नाही. आणि शेजार म्हणजे पाराश्चिवाच — पाय गेलेत तिचे, खिडकीत बसून असते. बांधावरून सहाशे पावलांवर होतं तिचं घर. सहाशे! आता? मधे तुमची भिंत, आणि गल्ल्या तरी कसल्या — आत शिरतात नि जिथल्या तिथे संपतात, एक दुसरीला भेटेल तर शपथ. बुखारेस्ट वाढलं म्हणतात. वाढू दे बापडं, लोकांना घरं हवीतच. पण हमरस्त्यानं पाच किलोमीटर पडतं हो, निम्मं पाणी वाटेतच सांडतं.

तक्रार? कुणाकडे करू? बांधावरची वाट बंद करायला संमती दिली ती — मीच. हो, मीच. चांगली ठसठशीत सही केली. ट्रकांची धूळ घरात यायची, हे खोकून खोकून निळे पडायचे, आणि तो कागदावर सही घ्यायला आलेला माणूस म्हणाला, आजी, वाट बंद झाली की वर्दळ थांबेल. मला वाटलं, ट्रकांची थांबेल. माणसांचीही थांबते ते कुठं कळलं... आणि एवढं करून आमचे हे काही वाचले नाहीत.

पाराश्चिवाला ठाऊक नाही. रोज विचारते, "कुणा मेल्यानं बुजवली गं आपली वाट?" आणि मी पाणी ओतत राहते, खाली बघून. व्रताचं पाणी हातात नि तोंड असं मिटलेलं — पोचत असेल का हो त्यांना? सत्तावीस दिवस हेच विचारतेय देवाला. आज सांगणार आहे तिला. दार लावून घेतलंन तर उंबऱ्यावर ठेवीन बादली. पण नाही लावायची ती. नाहीच लावायची.

अहो — हे काय, उचललात दांडा? नको, खाली घ्या तो. खरंच नको. इथून गेले तर लगेच पोचेन हो मी, आणि तिला कसं सांगायचं ते अजून जुळलेलं नाही... सरा, वळशानंच जाते.