इरा पहिल्यांदा बोलली ती जपानीत

अगं, आमची इरा दोन वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. पुण्याहून आलेल्या सासूबाईंना तर तिच्या काळजीनं झोप लागेना. इथे अमेरिकेत, पार्सिपनीत आमच्या वरच्या मजल्यावर युको राहायची, ती इराला मांडीवर घेऊन जपानी बालगीतं म्हणायची.

एका दुपारी इरानं टाळ्या वाजवत चक्क एक अख्खी ओळ म्हटली!

सासूबाईंचे डोळेच भरून आले. "बोलली गं पोर! पण काय बोलली?"

मी धावत जाऊन युकोला घेऊन आले. इरानं ओळ परत म्हटली आणि युको हसतच सुटली. "भाताचा अजून एक गोळा दे, असं म्हणतेय!"

मी ते मराठीत सांगताच सासूबाईंनी पदर खोचला.

"मग बघत काय उभी राहिलीस? कुकर लाव!"