आरशावरच्या टिकल्या

तुम्ही हसाल, पण मागच्या रविवारी आठ वर्षांच्या पोरीने माझी शिकवणी घेतली.

इकडे हिंदी मुलखात, मंगला गौरीच्या देवळाजवळच्या आमच्या घरी मुलं इंग्रजी शिकायला येतात. वर्ग खरं तर माझ्या बायकोचा. ती गेल्यावर मी चालू ठेवला. त्या दिवशी ‘डू नॉट’चं ‘डोन्ट’ करायचं होतं. मी फळ्यावर ‘नॉट’मधला ‘ओ’ पुसला आणि त्याच्या जागी खडूने ॲपॉस्ट्रॉफीची खूण केली.

शेजारची मुक्ता म्हणाली, “असं नाही काका. काकू तिथे टिकली लावायच्या.”

“टिकल्या संपल्या, बेटा.”

“झूठ! आरशावर एवढ्या आहेत की!”

झोपण्याआधी कपाळावरची टिकली काढून आरशाला चिकटवायची बायकोची सवय होती. वर्ष झालं, तो आरसा मी पुसलेला नाही. मी “थांब” म्हणेपर्यंत मुक्ताने एक टिकली काढून फळ्यावर लावलीसुद्धा.

सगळी मुलं एका सुरात ओरडली, “डोन्ट!”

“अब समझे ना, काका?”

मी मान डोलावली.

तेव्हापासून फळा तेवढी जागा सोडून पुसतो. या रविवारी ‘कान्ट’ आहे. टिकल्या आपापल्या घरून आणायला सांगितल्या आहेत.