कणगीमागचा नवरा

जोयड्यात सरकारी अनुदानातून दारू सोडवायचं केंद्र निघालं होतं. भावासाठी आलेल्या नेत्राच्या पुढं रांगेत दोघी शेजारणी होत्या, तारा आणि फुला.

"सुमंगलेचा नवरा बघितलास, फुला? संध्याकाळी छत्री घेऊन तिच्यासाठी थांब्यावर उभा असतोय."

"असू दे की गे. केंद्रात ऱ्हाऊन सुटली त्याची दारू."

"सरकारला तिचंच घर बरं दिसलं!"

"तुझ्या दारातबी केंद्राची जीप आली हुती. तूच नवऱ्याला भाताच्या कणगीमागं दडवलंस. आमच्यात कोण पीत न्हाई, म्हणालीस."

"मग काय, चारचौघांत सांगू? तिनं सांगितलं, तिला लाज न्हाई."

"आज आलीस न्हवं? मग सांग आत जाऊन."

"डॉक्टरला सांगीन गे. पण आधी कुणाला सांगायचं, ठाव हाय?"

"कुणाला?"

"सुमंगलेला. आता तीच हाय हितं नावं लिवायच्या कामाला."

दार उघडलं.

"पुढचं कोण?" सुमंगलेनं आतून विचारलं.

तारानं पदर सारखा केला आणि ती नेत्राकडं वळली.

"तुमी जावा हो. आमी नुसत्या सावलीला थांबलोय."